व. ताळी, वय नव्व्याण्णव

चेन्नई,
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय तुळसी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं असशील, तर तो तुझा हक्कच आहे. पण आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अड्यारच्या आपल्या वसतिगृहात सगळं तसंच आहे, फक्त तुझ्या खाटेवर आता वाणी असते. ती समुद्रकासवांच्या अंड्यांवर संशोधन करते. वाळू किती तापली की पिल्लं नर निघतात आणि किती तापली की मादी, हे तिला शोधायचंय, म्हणून आपल्या खोलीत सध्या वाळूच्या सहा बादल्या आणि सहा थर्मामीटर आहेत. तू दगड आणि खापऱ्या आणायचीस तेव्हा मी कुरकुर करायचे, त्याची ही शिक्षा. समोरच्या खोलीतली मुलगी पुलांच्या काँक्रीटमधल्या भेगा यंत्राने ऐकते, तिच्या पलीकडची भाताच्या रोपांना खारं पाणी पाजून कोणतं तगतं ते बघते. जेवायला बसलो की सांबाराच्या पातेल्याभोवती कासवं, पूल आणि भात असं सगळं एकदम चालू असतं आणि कुणाचं कुणाला पूर्ण कळत नाही, पण मजा येते. तंजावरी मराठी बोलणाऱ्या तुझ्या आई अजून माझ्या सांगलीच्या मराठीला रेडिओवरची मराठी म्हणतात का? त्यांना माझा नमस्कार सांग.

बातमी अशी, की चेन्नईबाहेर कोवलमच्या पुढचं तुझं उत्खननाचं टेकाड पुन्हा उघडलं. डिसेंबरात सुब्बाने घरामागे पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला. सुब्बा म्हणजे तोच, ज्याच्या नावेच्या सावलीत बसून आपण दहीभात खायचो. कमरेइतक्या खोलीवर त्याला एका मोठ्या रांजणाचं तोंड लागलं, वर सपाट दगडाचं झाकण. त्याने कुदळ बाजूला ठेवली आणि थेट तुझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक वादिराज सर, त्यांना फोन केला, कारण तू कधीतरी वहीच्या पानावर त्याला सरांचा नंबर लिहून दिला होतास. ते पान त्याने देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवलं होतं. रीतसर परवानगी आली आणि जानेवारीत पोंगलचा सण झाल्यावर सरांनी रांजण अख्खा वर काढला. तुम्ही लोक त्याला ताळी म्हणता, जुन्या काळी मृताच्या अस्थी आणि त्याच्या वस्तू ज्यात पुरत ती. अडीच फूट उंच, पोटावर वाकडी भेग आणि आत दगडासारखी घट्ट झालेली माती. माती कोरावी तर भेग पसरणार, न कोरावी तर आत काय आहे ते कळणार नाही. सर दोन दिवस तिच्याभोवती नुसते फिरत होते. मला त्यांनी लोखंड असलं तर बघायला म्हणून बोलावलं होतं आणि मी देवेशला घेऊन गेले होते. देवेश आमच्या खालच्या प्रयोगशाळेतला, नाशिकचा. मोटारींना रस्त्यावर बसणारे धक्के मोजतो. तो म्हणाला, माणसाच्या पोटात काय आहे ते डॉक्टर पोट न फाडताच बघतात ना?

तर ताळीला अण्णा नगरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये न्यायचं ठरलं. देवेशने आधी कुंभाराकडून तसाच एक रांजण आणला, त्यात वाळू भरली, त्याला धक्के मोजायचं यंत्र चिकटवलं आणि व्हॅनमधून त्याला अख्ख्या रस्त्याने फिरवून आणलं. कुठला खड्डा कुठे आणि कोणत्या वेगाला किती हादरा, याचा त्याने चक्क नकाशा काढला. मग जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, यंत्राला सुट्टी असते तेव्हा, खरी ताळी काथ्याच्या गादीवर ठेवून आम्ही निघालो. वेग बैलगाडीचा. सुब्बा मागे बसून तिला कवेत धरून होता. तो कुणाचं ऐकायलाच तयार नव्हता. तिथे यंत्र चालवणाऱ्या कामाक्षी नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, अजिबात न हसणाऱ्या. नोंद केल्याशिवाय संगणक पुढे जात नाही म्हणाल्या आणि त्यांनी पेशंटचं नाव विचारलं. सर म्हणाले, "ताळी." नावाआधीचं वडिलांचं आद्याक्षर? सर म्हणाले, "माझंच घाला." वय सरांनी अंदाजे दोन हजार तीनशे सांगितलं. संगणक दोनच आकडे घेत होता, तेव्हा बाईंनी नव्व्याण्णव टाकलं. स्त्री की पुरुष? अजून कळलेलं नाही, सर म्हणाले. शेवटी सवयीने त्यांनी विचारलं, पेशंट उपाशीपोटी आहे ना? मागून सुब्बा गंभीरपणे म्हणाला, "फार दिवसांपासून." तेव्हा मात्र बाई हसल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग पडद्यावर चित्र आलं आणि आम्ही सगळे पुढे सरकलो. तळाशी हाडांचे तुकडे, एका बाजूला दोन छोटी मडकी, आणि मधोमध हातभर लांबीची एक जाड नळी, एका टोकाला वितळल्यासारखी झालेली. सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. भात्याची नळी होती ती, तुळसी. भट्टीत वारा फुंकायची मातीची नळी. तिच्याशेजारी दोन गोळे होते, आतून पावासारखे भोकाभोकांचे, आणि ते काय आहेत हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ती लोखंडाची मळी होती, दगडातून लोखंड काढताना जी गाळ म्हणून उरते ती. नंतर मुरलीने, तो काँक्रीटच्या भेगा बुजवण्याचं काम करतो, ताळीची भेग त्याच्या मसाल्याने आधी पक्की केली, मग दहा दिवस चमच्याचमच्याने माती काढली. एक गोळा मी स्वतः कापला, स्वतः दळला, स्वतः तपासला. लोणारी कोळशावर गाळलेलं लोखंड, शंकाच नाही. मळीत अडकलेला कोळशाचा कणसुद्धा मिळाला आणि वनस्पतीवाल्यांनी तो बाभळीचा आहे म्हणून सांगितलं. कुणीतरी आपल्या लोहाराला त्याच्या भात्याच्या नळीसकट निरोप दिला होता. त्या टेकाडावरचे लोक लोखंड बाहेरून आणत नव्हते, तिथेच बनवत होते. हे वाक्य कुणाचं आहे ते तुला ठाऊक आहे. तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावरचं आहे.

२००४ चा तो दिवस मी विसरलेले नाही. तुझ्या टेकाडावरची मळी मी तपासली आणि तीत चुना भरपूर निघाला, म्हणजे आजकालच्या पोलाद कारखान्यातली. रस्त्याच्या भरावातून आली असणार, असं मी तुझ्या प्रबंधाच्या समितीपुढे उभं राहून सांगितलं. मैत्रीण असूनही खरं बोलले याचा मला तेव्हा थोडा अभिमानसुद्धा वाटला होता. समितीतले एक जण हसले. तू माझ्याकडे बघून फक्त "परवायिल्लै, चालायचंच" म्हणालीस, आठवड्यात खोली रिकामी केलीस आणि तंजावरला जाऊन शाळेत इतिहास शिकवू लागलीस. तुझी काही चूक नव्हती, आणि माझीही नाही, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले.

मागच्या सोमवारी जुन्या आणि नव्या मळीची तुलना करायची म्हणून मी माझं कपाट उपसलं. अगदी तळाच्या खणात तुझी कापडी पिशवी सापडली, तुझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली, आणि तोंडाशी तू घातलेली शिवण. ती शिवण उसवलेलीच नव्हती. मग वही काढली. त्या आठवड्यात सिमेंटच्या एका कामासाठी कारखान्याची मळी माझ्याच टेबलावर होती, चाळीस नमुने. तू पिशवी ठेवून पोंगलला घरी गेलीस, मी ती उद्या दळू म्हणून खणात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी जो ट्रे उचलला तो तुझा म्हणून लिहिला. वहीत त्या ट्रेचा क्रमांक माझ्याच हातचा आहे. तुझी मळी मी कधी तपासलीच नाही.

हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे, बाकीचं सगळं मी धीर गोळा करत लिहिलं. समितीला मी लेखी कळवलंय आणि त्याची प्रत सोबत जोडलीय. वादिराज सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मला नव्हे, तिला सांग." आणि कपाटातून तुझी फाइल काढली. ते दर वर्षी समितीला 'विद्यार्थिनी रजेवर' असं कळवत आलेत, तुळसी. तुझं नाव कधी कमी झालंच नाही. प्रबंध द्यायची मुदत जूनअखेरपर्यंत आहे. येत्या शनिवारी सकाळी मी तंजावरला येतेय, तुझी पिशवी शिवणीसकट घेऊन. समोर येऊन सांगितलं असतं तर तू लगेच माफ करून कॉफी ठेवली असतीस, तुझा स्वभावच तसा, आणि एवढ्या सहज सुटायची माझी इच्छा नाही. म्हणून पत्र आधी पाठवतेय. मधले दिवस रागवायला आहेत, मनसोक्त रागव. आणि शनिवारपर्यंत रजेचा अर्ज लिहून ठेव, शाळेला द्यायचा.

तुझीच, आणि या वेळी तुझ्या बाजूने उभी,
कीर्ती