कारण लिहायचं नाही

बीड,
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबा,

पाया पडते. तुमचा खोकला थांबला असेल आणि काढा घेतल्याशिवाय आई तुम्हाला उसाच्या फडात जाऊ देत नसेल, असं धरून चालते. मी इथं ठणठणीत आहे.

पत्र बघून चकित झाला असाल. पण दिवाळीपासून माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन सरळ आईच्या हातात देता. मग ठरवलं, बापाला पत्रच लिहायचं. पत्र मध्येच कट करता येत नाही. आणि चौथी शिकलेल्या माणसाला वाचता येत नसल्याचं सोंगही करता येत नाही. मुकादमाचा ड्रायव्हर सिदूदादा उद्या कारखान्यावर परत निघालाय, त्याच्या हाती देते. पत्र तुमच्या हातात ठेवल्याशिवाय त्याला चहा द्यायचा नाही, असं आईला सांगून ठेवलंय.

गेल्या रविवारी चकलांब्याला जाऊन आले. घराचं कुलूप शाबूत आहे. मुक्ताबाईंकडे ठेवलेली आपली काळी शेळी व्याली. दोन पिल्लं, दोन्ही माद्या. मुक्ताबाई म्हणाल्या, "तुजा बाप नशिबाचा हाय गं, त्याच्या शेळीला बी पोरीच होतेत." मी म्हटलं, सध्या त्याला तसं वाटत नाही.

मी पास झाले हे तुम्हाला माहीत आहे. आईला फोनवर सांगत होते तेव्हा मागचं तुमचं खोकणं एकदम थांबलं. मला सगळं ऐकू येतं, आबा. पण पेपरात काय घडलं ते आईलाही सांगितलेलं नाही.

आयर्लंडच्या दवाखान्यात नर्स म्हणून घेण्याआधी इंग्रजी लिहिता येतं का ते बघतात. त्यात कुठल्यातरी गावाच्या नाहीतर देशाच्या लोकसंख्येचा आलेख देतात, म्हणजे वरखाली जाणारी एक रेघ, आणि तिच्याबद्दल लिहायला लावतात. क्लासचे सर पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होते, "चढ सांगा, उतार सांगा, कारण सांगू नका! चित्रात नाही ते लिहिलं की मार्क गेले."

आणि मला तर कारणाशिवाय राहवत नाही. लोकसंख्या घटली की माझा हात आपोआप लिहायचा : तरणी माणसं कामाला गेली, म्हातारी शेळ्या राखायला मागं राहिली. जपानच्या आलेखावर मी हेच लिहिलं, तर सरांनी लाल पेनानं विचारलं, "शेळ्या कुठून आल्या?" तेव्हापासून माझ्या खोलीतली रोहिणी मला जपानची शेळी म्हणते. बीडच्या बसस्टँडवर, चारचौघांत, मोठ्यानं!

परीक्षा संभाजीनगरला होती. कॉम्प्युटरवर प्रश्न उघडला. कुठल्याशा बेटावरच्या वस्तीची लोकसंख्या, महिन्यामहिन्याची. ऑक्टोबरपर्यंत रेघ वर, मग धाडकन खाली, सगळा हिवाळा तळाला पडून, आणि एप्रिलमध्ये पुन्हा सरळ वर.

आबा, मी हसले. अगदी मोठ्यानं. देखरेखीच्या मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं पोरीला काहीतरी झालं. त्यांना काय सांगू, की हे आमचं चकलांबा आहे म्हणून!

दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे ट्रक लागायचे. भांडी, बाजा, कोंबड्या आणि वर तुम्ही सगळे. गाव इतकं रिकामं व्हायचं की गुरुजींची हजेरी एका दमात संपायची. मागं राहिलेली आम्ही पोरं शाळेतच हंगामी वसतिगृहात राहायचो, मुक्ताबाईंच्या हातची खिचडी खायचो, आणि गुढीपाडवा जवळ आला की कुणाचे आईबाप आधी येणार यावरून भांडायचो. फाट्यावर हॉर्न वाजला की ताटावरून उठून पळायचो. एकदा खरकट्या हातानंच मी तुमच्या गळ्यात पडले. आई ओरडली, तुम्ही म्हणालात, "राहू दे, धुवून निघतंय."

तर मी चढ लिहिला, उतार लिहिला, सरांनी शिकवलं तसं. शेवटी थोडा वेळ उरला आणि हातानं दगा दिला. लिहून गेले : ही माणसं कामाला गेली आहेत, ती परत येतात.

पुसायला हवं हे कळत होतं. त्या एका वाक्यापायी नोकरी जाऊ शकते हेही कळत होतं. पण पुसवेना. तुम्ही परत आला नाहीत असं एकही वर्ष नाही, मग पुसू कसं?

मार्क लागत होते तेवढेच आले, वर एकही नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. २ फेब्रुवारीला मुंबईहून माझं विमान आहे. तारीख आईला अजून सांगितलेली नाही, तुम्हाला आधी सांगायची होती.

दिवाळीत तुम्ही म्हणालात, "आप्पारावाचा पोरगा जीवन दुबईला गेलता, आला का परत? गेलेलं मानूस येत न्हाई." आणि बोलणंच टाकलंत. तेव्हा नुसता राग आला. उत्तर आता देते. आबा, आपल्या घरातून कामासाठी बाहेर पडणारी मी पहिली नाही. जाणं मी तुमच्याकडूनच शिकले, आणि येणंसुद्धा.

तुम्ही बोलला नाहीत तरी मी जाणार, हे तुम्ही ओळखून आहात. पण मग विमानात रडत बसेन, आणि शेजारच्यानं कारण विचारलं तर इंग्रजीत सांगता येणार नाही. म्हणून एकदा बोला. शिव्या द्या हवं तर, पण बोला.

तुमच्या आवाजाची वाट बघणारी,
तुमचीच योगिता


कारखान्यावरून,
गुरुवार

योगिता,

सिदूला चहा दिला. पत्र लई मोटं लिवलंस. तुज्या आईनं परत परत वाचाया लावलं. शेळीचं आयकून ती लई हासली. तारीख आयकून बोटावर दिस मोजाया लागली.

फोनवर मला बोलता येत न्हाई, मनून लिवतो. तुजे सर कारन लिवू नका मनतेत, पन मी लिवतो. मी रागावलो नव्हतो. मी भ्यालतो. माजा ट्रक बंद पडला तर मी चालत बी गावाकडं येईन. तुज्या वाटंत समुद्र हाय.

मुकादमाला सांगितलंय, आमी दोघं सुट्टी घ्यायलोत. मुंबईला येतो. इमानापसी आत सोडत न्हाईत मनं, तर भाईर उभा राहतो. तुजी आई रडंल, तिच्याकडं बगू नको. माज्याकडं बी बगू नको. सरळ जा.

आन येशील तवा आदी कळव. मी तितंच उभा असन.

तुजा आबा,
बंकट