घोड्याजवळची मिटलेली मूठ

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, जुनी चित्रं दुरुस्त करण्याचा व्यवसाय, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. उद्या माझं ऑपरेशन आहे. परवा संग्रहालय घोड्यांचं मोठं चित्र क्ष-किरण तपासणीसाठी उतरवणार आहे. म्हणून ही घाई.

१. राहती खोली भाचीला. भिंतीला ओल येते, हे आधीच सांगितलंय. नंतर कुरकुर नको.

२. कपाट शेजारणीला देऊ नये. माझी शिडी तिने अजून परत केलेली नाही.

३. आता ते चित्र. काळवंडलेलं आभाळ, उधळलेले दोन घोडे, तीन माणसं. नजर सारखी डावीकडच्या माणसाच्या मुठीवर जाते: ताणलेला दोर, मनगटावर फुगलेल्या शिरा. जाणकारांनी त्यावर ‘माणसाची जिद्द’ म्हणून पानंच्या पानं लिहिली.

ती मूठ मी रंगवलेली आहे.

एकतीस वर्षांपूर्वी तिथला काळपट रंग कोणीतरी मागाहून फासलाय असं समजून मी पुसायला घेतला. शेजारी काम करणारा धाकटा भाऊ ओरडला, “ताई, थांब! मूळ रंग निघतोय!”

“तू मला शिकवू नकोस,” मी म्हणाले.

कापसाचा बोळा तपकिरी झाला. सैल सुटलेला दोर गेला. उघडा पंजा नुसताच उरला, तेव्हा घाबरून मी बोटं मिटवली आणि त्यांत ताठ दोर दिला. कडेचा ओरखडा संग्रहालयाच्या साहेबांना दिसला. त्या कोपऱ्यापुढे नोंदवहीत भावाचं नाव होतं. मी गप्प बसले. त्याला कामावरून काढलं. माझं नाव त्याने घेतलं नाही. परवा मुठीखालची बोटं दिसली, की पुन्हा त्यालाच धरतील.

४. खालच्या मजल्यावर राहणारे, घोडे शिकवणारे काका छापील प्रत पाहून म्हणाले, “बाई, दोर असा धरून ठेवला तर हात खांद्यातून निखळेल. शहाणा माणूस सोडून देतो.” मूळ चित्रातला माणूस सोडतच होता.

५. माझ्या सुऱ्या, कुंचले, भिंग भावाला. माझा रंग स्पिरिटने निघतो. खालची बोटं शाबूत आहेत. ती मूठ त्यानेच उघडावी. काम सुरू होण्याआधीचा फोटो सोबत जोडला आहे.

६. हा कागद माझ्या मरणाची वाट न पाहता आजच संग्रहालयात पोहोचवावा. सकाळी भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, थांब. आधी ऑपरेशन होऊ दे.”

एकदा त्याचं ऐकायला हवं होतं. आज नाही.

स्थळ: माझी कामाची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: आज, सोमवार, सकाळी साडेदहा.
सही: थोरली बहीण

साक्षीदार: १. मला तपासून शुद्धीवर असल्याचं सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई.
२. घोडे शिकवणारे काका. सही करून, कागद घेऊन तेच संग्रहालयात निघत आहेत.