तिसऱ्यांदा ठोकलेला खोका

ता. ४ मार्च

चि. टिल्लू यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं लेथ मशीन याही बोटीला चढलेलं नाही. आधी हे सांगून टाकते, खुशाली मागून.

खोका ठोकून तयार होता, ट्रक यायचा होता. चहा पिता पिता तुझ्या भावोजींना आठवलं, की गिअरबॉक्समधून बारीक घरघर ऐकू आल्यासारखी वाटली होती. झालं! खिळे उपटले, फळ्या काढल्या, गंजू नये म्हणून चोपडलेलं ग्रीस रॉकेलने पुसलं आणि मशीन चालू करून बसले. घरघर कसली नि काय! तपासणीच्या नावाखाली कपाटाची पितळी मूठ तेवढी कातून झाली. गेल्या खेपेला मोरीच्या दाराची झाली होती. आता घरात दारं उरली नाहीत.

सुतार म्हणतो, बाई, परदेशी चालावं म्हणून कीड मारल्याच्या शिक्क्याचं लाकूड शोधून आणतो, तुमच्याकडे त्याचं सरपण व्हायचं.

मशीन ह्यांनीच आपणहून तुला दिलं. कामाची शेड रिकामी करायची आहे, तेही ह्यांनाच ठाऊक. बोलायला जावं, तर म्हणे समुद्राचा प्रवास आहे, घाईचं काम नव्हे.

रागाव, पण निम्मा राग ह्यांच्या नावावर टाक. लोभ सगळा मला.

तुझी,
ताई


ता. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. बंदरातल्या बोटींचे शाफ्ट कातायचं काम मला मिळालं, ते मशीन येतंय या शब्दावर. त्यासाठी काँक्रीटचा चौथरा घातला, त्यावर सध्या शेजारचं मांजर झोपतं. बोटवाले येऊन मांजराची चौकशी करून जातात. पुढच्या बोटीनेही मशीन आलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार. मग ते आलं काय नि न आलं काय!

भावोजींना वेगळं लिहिलं होतं. उत्तरादाखल त्यांनी ग्रीसच्या प्रकारांवर निबंध धाडला. द्यायचं नसेल, तर तसं म्हणू देत. मी रागावणार नाही. खोटं, रागावेन, पण दुसरी तजवीज तरी करीन.

आता तूच बघ. एक मात्र सांभाळ. टेलस्टॉक, तो बेडवर मागेपुढे सरकणारा जड ठोकळा, त्याचा नट घट्ट आवळलेला हवा. भर समुद्रात सुटला, तर समोरच्या चकवर, काम पकडून फिरवणाऱ्या तोंडावर, आदळेल आणि माझ्या हाती भंगार येईल.

चिडलो असलो तरी तुझाच आहे, माया पातळ करू नकोस.

टिल्लू


ता. ११ एप्रिल

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

मशीन गेलं.

ह्यांना चष्म्याचा नंबर काढायला पिटाळलं आणि सुताराला बोलावलं. ग्रीस मी चोपडलं, कोपरापर्यंत माखले. टेलस्टॉकचा नटही मीच आवळला, दोन्ही हातांनी पाना धरून. सुताराने शेवटचा खिळा ठोकला आणि हे दारात!

खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, टेलस्टॉक कोणी बांधला. मी म्हटलं, मी. ह्यांनी सरळ पहार उचलली.

टिल्लू, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, उपटा! इतकी वर्षं तुमच्या हाताखाली पाने पुसले, मला एक नट आवळता येत नाही? मशीन सोडवत नाही, ते बोलायची लाज वाटते, म्हणून कधी घरघर नि कधी नट! बोलून गेले आणि माझेच डोळे भरले.

ह्यांनी पहार जमिनीला टेकली. मग हळूच म्हणाले, द्यायचं आहे गं, पण सकाळी उठून मी जायचं कुठे?

पहार सुताराकडे देऊन ह्यांनी रंगाचा ब्रश मागितला. क्रेनने कुठून उचलायचं त्याची खूण आम्ही मधोमध केली होती. ती खोडून ह्यांनी चकच्या अंगाला सरकवली. म्हणाले, वजन सगळं त्या बाजूला, मधून उचललं असतं तर कलंडलं असतं. ट्रक वळेपर्यंत रस्त्यात उभे होते.

पोचल्याचं कळव. जीव टांगणीला आहे, लोभासकट.

तुझी,
ताई

ता. क. खाली ह्यांचं अक्षर आहे, लावून वाच.

टिल्लू, लेव्हल पाहिल्याशिवाय मशीन चालू करू नकोस. टेलस्टॉकचा नट मी तपासलेला नाही. तुझ्या ताईने आवळलाय, तेव्हा सोडवायला लांब पाना घे, आणि जोडीला एक माणूस.