ओठ हलवू नयेत

१८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण भिंतीपलीकडे बाबा असतात आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. आमची सर्व्हर रूम बंद होणार आहे. कंपनीचं सगळं काम क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या मशीनवर जाणार. सात वर्षं मी इथे डिस्क बदलल्या, वायरींना चिठ्ठ्या लावल्या, तासातासाला तापमान वहीत लिहिलं. आमच्या विभागाच्या मॅडमनी सांगितलंय, सप्टेंबर संपायच्या आत क्लाउडची सर्टिफिकेट परीक्षा पास झालो तर नव्या टीममध्ये घेतील. नाहीतर रूमबरोबर मलाही टाळं.

पासष्ट प्रश्न, हजारपैकी सातशे वीस हवेत. सरावात मला साडेसातशे पडतात. केंद्रावर न जाता घरून द्यायची परीक्षा मी निवडली, का ते तुला ठाऊक आहे. मी वाचायला लागलो की भुणभुण होते आणि लोक वळून बघतात. वर्गात भुंगा नाव पडलं, सातवीनंतर ती शाळा सुटली, नाव काही सुटलं नाही. पण फॉर्म भरून झाल्यावर नियम वाचले. कॅमेरा पूर्ण वेळ चालू, टेबल रिकामं, खोलीत दुसरं कुणी नको. आणि नववा नियम: बोलू नये, ओठ हलवू नयेत. एक ताकीद, नंतर पेपर बंद.

ताई, ओठ मिटून वाचलं की वाक्य डोळ्यांसमोरून निघून जातं, मागे काही उरत नाही. काल तसा सराव केला. पाचशे दहा.

तुझ्या धाकाला अजून भिणारा,
तुझा भाऊ

२४ ऑगस्ट

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

नाक फुगवू नकोस, माझ्या तोंडी ते नाव लाडाचंच आहे. परवा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्या परीक्षावाल्यांना फोन केला. अर्धा तास त्यांनी मला गाणं ऐकवलं, जेवण राहिलं. शेवटी एक बाई सापडली. तिचं म्हणणं, आधी अर्ज केला तर केंद्रावर वेगळी खोली मिळते आणि तिथे मोठ्याने वाचता येतं. अर्जावर फक्त कामावरच्या वरिष्ठांची सही लागते. मग अडलंय कुठे? उद्याच मॅडमकडे जा. आणि जेवत जा. तू काळजीत असलास की भांडी घासतोस आणि जेवायचं विसरतोस.

शंभरदा सांगून न थकणारी,
ताई

६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मॅडमकडे गेलो नाही. ज्याला मनात वाचता येत नाही त्याला नव्या टीममध्ये कोण घेईल? आरशासमोर बसून जीभ टाळूला लावून वाचायची सवय केली. सहाशे नव्वदपर्यंत आलो. वाटलं, निभेल.

काल परीक्षा होती. तेविसाव्या प्रश्नाला पडद्यावर ओळ आली, तुमचे ओठ हलत आहेत, ही पहिली आणि शेवटची ताकीद. मग मी खालचा ओठ दातांखाली धरला. एकेक प्रश्न चारचारदा वाचला. एकेचाळिसावा असा होता, की एका ठिकाणची मशीन बंद पडली तरी काम थांबू नये, तर काय करावं? ताई, हे मला झोपेतही येतं. दुसऱ्या ठिकाणी जोडीला मशीन ठेवावी. येतंय याचाच आनंद झाला आणि दात सुटले.

पडदा पांढरा झाला. मी नापास नाही, बंद. बाबांनी बाहेरून विचारलं, झाली का मीटिंग? हो म्हणालो.

लिहायला तोंड नसलेला,
तुझा भाऊ

११ सप्टेंबर

चि. भावास,
आशीर्वाद आहेतच, पण आज कान पुढे कर.

आई गेल्यावर तुला वाचायला मी शिकवलं. तुझ्याकडे पाठ, पाय शिलाई मशीनवर, गिऱ्हाइकाचे कपडे मांडीवर. तू गप्प झालास की मला वाटायचं चुकवतोयस, म्हणून ओरडायचे, आवाज येऊ दे. मनात वाचायला शिकवायची वेळ आली तेव्हा माझं लग्न ठरलं आणि मी निघून आले. हे तुझ्यातलं वैगुण्य नाही, माझं अर्धवट शिवण आहे. लाज वाटायची तर मला वाटू दे. पेपर बंद झाला तरी महिन्याच्या आत पुन्हा बसता येतं, मी फोन करून विचारलंय; तू उद्या सही घे. घेतली नाहीस तर मी रजा टाकून येईन आणि तुझ्या मॅडमसमोर तुझा कान धरीन.

खरंच येणारी,
ताई

२८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मॅडमना सांगताना वाक्य तीनदा तुटलं. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, एवढंच? आम्हा सगळ्यांना सात वर्षं वाटायचं, तुम्ही मशीनशी बोलता. सही केली आणि अर्ज जाईपर्यंत उभ्या राहिल्या. कालची, शेवटची जागा मिळाली.

केंद्रावर कोपऱ्यातली खोली होती, एक टेबल, मागे एक पर्यवेक्षक बाई. मी सवयीने पुटपुटायला लागलो. पाच प्रश्न झाल्यावर बाई म्हणाल्या, परवानगी मोठ्याने वाचायची आहे, वाचा की. मग वाचलं, ताई. पासष्टच्या पासष्ट प्रश्न, अडले ते दोनदा. सातशे छप्पन्न.

बाहेर येऊन मॅडमना फोन लावला तर घसा पूर्ण बसलेला. माझी नुसती खरखर ऐकून त्या मला धीर द्यायला लागल्या. शेवटी मेसेज टाईप केला.

घरी बाबांना सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज कुठे होता? म्हणून कागदावर लिहिलं. नोकरी जाणार होती, तुमच्यापासून लपवलं, आता राहिली. कागद पुढे ठेवला. तुला माहीतच आहे, एरवी ते चष्मा सापडत नाही म्हणून सगळं माझ्याकडूनच वाचून घेतात. काल मी वाचू शकत नव्हतो. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद जवळ धरला आणि वाचायला लागले. आवाज नव्हता, पण एकेका शब्दाला ओठ हलत होते.

तू मला शिकवत होतीस तेव्हा ते रोज दाराशी बसून ऐकायचे ना? मी त्यांना घाई केली नाही. त्यांचं वाचून होईपर्यंत उभा राहिलो.

तुझ्याच आवाजात वाचणारा,
तुझा भाऊ