आईला दिलेली बातमी

कोल्टर गॅप,
१४ सप्टेंबर

प्रिय लोवेल,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. विधानसभेचा शिक्का असलेला जाड लिफाफा बघून पोस्टमननं हॉर्न वाजवला आणि हातात आणून दिलं. एरवी तो डब्यात कोंबून निघून जातो. आम्ही इकडे ठीक आहोत. तू, रोझलिन आणि मुली खुशाल असालच. यंदा सफरचंदं भरपूर लागली, पण निम्मी हरणांनी खाल्ली. चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय. माझा गुडघा होता तसाच आहे.

तू लिहितोस की आई गेल्याचं तुला परक्याच्या तोंडून कळलं, आणि सख्ख्या बहिणीनं असं वागावं याचं फार वाईट वाटलं. ऑक्टोबरात इथल्या चर्चमध्ये आईसाठी प्रार्थनासभा ठेवायची, तू चार शब्द बोलणार, तिचं आवडतं भजन कोणतं ते कळव, असंही लिहिलं आहेस. आणि तळाशी, सहीच्या वर, हातानं: "शेवटी तिनं माझी आठवण काढली का?" तेवढी एक ओळ टाईप केलेली नाही, म्हणून मी हे पत्र लिहायला बसले आहे. नाहीतर निवडणूक नोव्हेंबरात आहे हे मलाही ठाऊक आहे.

भजनाचं पाद्रीबुवांना विचार. बाकीचं मी सांगते.

आई सीडर बेंडच्या वृद्धाश्रमात होती हे तुला माहीतच आहे. तू तिथे एकदा आला होतास, नाताळात, फोटोवाल्याला घेऊन. आईच्या खांद्यावर हात ठेवून काढलेला तो फोटो तुझ्या प्रचाराच्या पत्रकावर छापून आला. आईनं तो कापून पलंगाशेजारी भिंतीला लावून घेतला. झाडूवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवायची. "हा माझा धाकटा. सरकारात असतो."

तिचा खर्च कोण करतं, हे तू कधी विचारलं नाहीस. बाबांच्या पेन्शनीतून भागत असेल असं धरून चालला असशील. खाणीची कंपनी बुडाली तेव्हाच ती पेन्शन बुडाली, लोवेल. मग आईचं घर विकलं. ते पैसे संपले, तिच्या बँकेतले संपले, मग माझे संपले, आणि तेव्हा कुठे तिला मेडिकेड, गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, लागू झालं. तू भाषणात ज्याला 'फुकट्यांचं अन्नछत्र' म्हणतोस, तेच. तुझी आई त्या पंगतीत बसलेली होती. तिची औषधं, तिचे लंगोट, तिला भरवणाऱ्या ट्विलाचा पगार, सगळं त्यातून यायचं. ट्विलाचं स्वतःचं औषधपाणीसुद्धा त्यातूनच, कारण म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढून जे हातात पडतं त्यात दुसरा कुठला विमा बसत नाही.

मी तुला तेव्हाच कळवणार होते. आईनंच माझा हात धरला. "त्याला नको गं सांगूस. चारचौघांत त्याला खाली बघावं लागेल." दर वेळी हेच. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो, आणि तू भाषणं करत राहिलास.

मग वॉशिंग्टनच्या सरकारनं हात आखडता घेतला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असले तरी एवढं मलाही कळतं. मोठा वाटा त्यांचा, उरलेला राज्याचा. त्यांचा कमी झाला की राज्यानं भर घालायची, नाहीतर माणसं कमी करायची. ते ठरवायला बसलेल्या समितीत तू होतास. तुम्ही माणसं कमी केलीत. कमी मजुरीवाल्यांची मेडिकेडची कार्डं रद्द झाली, त्यात ट्विलाचं गेलं. आणि वृद्धाश्रमांना माणसामागे जे मिळायचं ते इतकं कापलंत की सीडर बेंडनं सरकारी खर्चातल्या म्हाताऱ्यांचा विभागच बंद करायला काढला. पदरचे पैसे भरणारे वरच्या मजल्यावर आहेत, ते राहिले.

तिथला व्यवस्थापक प्रुइट माझ्यापुढे हात चोळत उभा राहिला. "बाई, मी तरी काय करू? तुमच्या भावालाच विचारा ना. घरचाच माणूस आहे."

म्हणून तुझ्या कचेरीत फोन केला. फोनवरची मुलगी गोड बोलली. "तुमची अडचण साहेबांच्या कानावर घालू हं. तुम्ही त्यांच्याच मतदारसंघातल्या का?"

"मी त्याला न्हाऊ-माखू घातलंय," मी म्हटलं. "मी त्याची बहीण."

ती हसली. "मॅडम, असं बरेच जण सांगतात."

नंतर दोनदा केला. ती हसायचीसुद्धा बंद झाली.

मग चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, मी आईला गाडीत घातलं आणि तुझ्या तळ्याकाठच्या घरी घेऊन आले. हे तुला रोझलिननं सांगितलेलं नाही, याबद्दल मी पैज लावते. सणाचा दिवस, घरचा माणूस घरी असणारच, असा माझा हिशेब. अंगणात इतक्या गाड्या होत्या की मला लांब, गवतात लावावी लागली. मी आईची चाकाची खुर्ची त्या खडीवरून ढकलत आणली. आईनं निळा झगा घातला होता, मोत्यांची माळ घातली होती. ट्विलानं तिचे केस कुरळे करून दिले होते. वाटेत आईला धरवलं नव्हतं आणि झगा मागून ओला झाला होता, पण ते तिच्या लक्षात आलेलं नव्हतं.

रोझलिननं दार उघडलं. "अगं बाई, डेल्फिया! आज?"

"आज," मी म्हटलं. "लोवेलला बोलाव. आईला बघू दे त्याला."

"अगं, आज कसं जमेल? सगळी मोठी माणसं आलीत. अजून आतषबाजी व्हायचीय." मग तिला वास आला. तिनं तोंड फिरवलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं, पण दार मात्र थोडं पुढे ओढून घेतलं. "एक काम करते. मी तुम्हाला ताट बांधून देते. पुढच्या आठवड्यात निवांत फोन करू या, हं?"

आणि तिनं खरंच ताट आणून दिलं, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं. भाजलेल्या डुकराच्या बरगड्या. आईला दात नाहीत हे तिला कुठून माहीत असणार?

तेवढ्यात घरामागून तुझा आवाज आला, कर्ण्यातून. तू म्हणत होतास, "जे हात हलवायला तयार नाहीत, त्यांना आपण अजून किती दिवस पोसायचं?" टाळ्या पडल्या. झटका आल्यापासून आईचा उजवा हात लुळा होता, तुला आठवत असेल. तिनं डाव्या हातानं आपल्या मांडीवर टाळ्या वाजवल्या. तोंड उजळून निघालं होतं तिचं.

"लोवेलच ना गं? किती छान बोलतो!"

मी बाजूच्या वाटेनं तिला मागे नेऊन त्या सगळ्यांच्या मधोमध ठेवणार होते. खुर्ची वळवलीसुद्धा. तिनंच चाकावर हात ठेवला. "नको. त्याच्या कामात मध्ये नको जायला. चल." परत गाडीपर्यंत खडीवरून ढकलत नेताना ती तुझी ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. अर्थ तिला लागला नव्हता. चाल आवडली होती.

तिला माझ्याकडे ठेवायला हवी होती, असं म्हणशील. तिला दिवसरात्र उचलावं लागे, आणि माझ्या घरात मी एकटी, हा गुडघा घेऊन. सरकारी खर्चात घेणारी एकच जागा मिळाली, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे आमच्या ओळखीचं कुत्रंही नाही. चार पलंगांची खोली. एक बाई सतत ओरडायची, दुसरी आईची बिस्किटं चोरायची. भिंतीला काही लावायची परवानगी नव्हती, म्हणून तुझा फोटो उशीखाली. मला शनिवारी तेवढं जाता यायचं.

आईचा पलंग खिडकीपाशी होता. खाली गाडी थांबली की ती विचारायची, "लोवेल आला का?" मी म्हणायचे, येईल. पुढच्या शनिवारी येईल. मग तिनं नवीनच काढलं. ताट आलं की बाजूला सारायची. "तो येऊ दे, बरोबर जेवू." तिचे गाल आत गेले, अंगठी बोटातून निसटायला लागली. तिथली परिचारिका मला एकदा जिन्यात गाठून म्हणाली, "बाई, हा तुमचा भाऊ येणार आहे का खरंच? नसेल तर काहीतरी सांगा तिला. अशानं जायची ती."

म्हणून मी सांगितलं.

पाद्रीबुवांना मी म्हटलं की तिनं जेवावं म्हणून सांगितलं. तुला खरं लिहिते. तिचं ते खिडकीकडे बघणं मला सहन होत नव्हतं, हे तर होतंच. पण ते वाक्य एकदा तरी मोठ्यानं म्हणून बघायची माझी इच्छाही होती.

मी तिचा चांगला हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई, लोवेल गेला."

"कुठे गेला?"

"वारला, आई."

ती ओरडली नाही. आधी नुसती माझ्याकडे बघत राहिली, मी काही वाईट बोलल्यासारखी. मग तिच्या घशातून जे निघालं, ते ऐकून ती ओरडणारी बाईसुद्धा गप्प झाली. मी तिथेच थांबायला हवं होतं. चुकलं, आई, तो जिवंत आहे, असं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

तिनं विचारलं, "कशानं?"

"छातीत कळ आली."

"डॉक्टरकडे नाही का नेला?"

"नाही."

"का गं? त्याच्याकडे कार्ड नव्हतं? माझ्यासारखं?"

"नाही, आई. त्याच्याकडे नव्हतं."

ती हुंदके द्यायला लागली. "अगं मग माझं द्यायचं होतंस! मी काय, झालंय माझं सगळं. माझं नाव काढून त्याचं घालायचं. कुणालातरी सांगायचं होतंस, विनवायचं होतंस... माझ्या लेकरासाठी एक माणूस नाही मिळाला तुला?"

लोवेल, यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. तुला सुचेल. तू छान बोलतोस.

"जवळ कुणी होतं का त्याच्या?" तिनं विचारलं. होतं म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हटलं, "कुणी नव्हतं."

त्यानंतर ती खिडकीकडे वळली नाही. गाड्या थांबल्या तरी डोळे उघडले नाहीत. खोलीतल्या म्हाताऱ्यांनी तिच्याबरोबर तुझ्यासाठी प्रार्थना केली. बिस्किटं चोरणारीनं एक पुडा आणून परत दिला. आई त्यांना तुझ्या गोष्टी सांगायची. मी गोवरानं पडले होते तेव्हा तू माझ्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर झोपलास, ही गोष्ट तर रोज. ती मी विसरले होते. खरीच आहे ती, म्हणून मला ऐकवत नव्हती. त्या खोलीत तू फार गुणी होतास. इतकं चांगलं तुझ्याबद्दल पुन्हा कुणी बोलेल असं मला वाटत नाही.

जेवण मात्र तिनं सुरू केलं नाही. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मी तिला सूप भरवत होते. तिनं तोंड मिटून घेतलं, आणि मग उघडलंच नाही.

तर तू विचारलं होतंस, आठवण काढली का. काढली. तिच्या पोटात दुसरं काही उरलंच नव्हतं. ती तुझ्या दुःखानं गेली.

तुझी सभा ठेवायची तर ठेव, मी आड येणार नाही. फक्त फोटोवाल्याला घेऊन डोंगरावरच्या दफनभूमीत जायच्या आधी एक माहीत असू दे. आई तिथे नाही. बाबांच्या शेजारची जागा तिनं घेतली नाही. "तिथे लोवेलला ठेव," म्हणाली. "एकटा गेला बिचारा, निदान बापाच्या कुशीत तरी असू दे. मला कुठेही चालेल." तिच्याकडून निघताना दर वेळी माझ्याकडून वचन घ्यायची. म्हणून तिला तिकडेच पुरलं, त्या आश्रमामागच्या माळावर, जिथे बेवारशांना पुरतात. खड्ड्यापाशी मी होते, ती परिचारिका होती, आणि सुट्टी टाकून, खोकत खोकत, इतक्या लांब ट्विला आली होती. तिचा खोकला काही बरा नाही. दाखवायला मात्र ती कुठेच जात नाही.

बाबांशेजारचं गवत मी काल कापून घेतलं. जागा रिकामी आहे, तुझ्या नावानं. आईनं दिली आहे, त्यामुळे मला नाही म्हणता येत नाही.

रोझलिनला ताटाबद्दल आभार सांग. मुलींना आशीर्वाद.

तुला पुरून उरलेली,
तुझी बहीण
डेल्फिया