पंधरा घरांना एक कर्नल

६ जानेवारी
ही वही जनावरांच्या खात्यातल्या इंजिनियर बाईने दिली. प्रत्येक घराला एक. अल्पाकाची कोणती मादी कोणत्या दिवशी नराखाली बसली, पिल्लू कधी पडलं, ते आखलेल्या रकान्यांत लिहायचं म्हणे. माझी शाळा दुसरीपर्यंत. रकाने मला अपुरे पडतात. मी आडवं लिहिणार.

काल गावसभा झाली. इंजिनियर बाईने फोनवर तलावापलीकडच्या एका नराचा फोटो दाखवला. तरुण, पांढरा, केस विंचरलेला. भाड्याने आणू म्हणाली, नाहीतर यंदा गावात पिल्लं कमी पडतील. मी उभी राहिले. म्हटलं, घरात माझा नर, कर्नल, असताना परका जावई कशाला? नऊ वर्षांपूर्वी जत्रेत पहिला आलाय तो. शिवाय माझ्या नणंदेचा, पास्कुआलाचा, तो तपकिरी नर गावातल्या पांढऱ्या माद्यांजवळ फिरकता कामा नये, हाही ठराव करून घेतला. रंगीत लोकरीला व्यापारी नाक मुरडतो. सगळे गप्प बसले. पटलं म्हणूनच ना.

ठरलं ते असं. पंधराही घरांच्या माद्या कर्नलकडे. बदल्यात पावसाने पडलेली माझ्या गोठ्याची भिंत गाव बांधून देणार. आमच्यात हे असंच चालतं, हाताला हात.

९ जानेवारी
गावप्रमुख एलादियो कर्नलचे दात बघायला आला. मी म्हटलं, लग्नाच्या घोड्याचे दात बघतोस का? परत गेला. कर्नल चौदा वर्षांचा आहे. मी बारा सांगते. तोंडावरून दहाचा वाटतो. दात थोडे झिजलेत, म्हणून सातूची पेज देते. सगळ्यांना सांगते, पेज माझ्यासाठी आहे.

१४ जानेवारी, दुपार
पहिली एलादियोची मादी. इतर नर वीस मिनिटांत आटपतात. कर्नलने पाऊण तास घेतला. मन लावून काम करतो. शेवटी डोळे मिटले होते त्याने. एलादियो म्हणाला, आजी, झोपलाय तो. मी म्हटलं, तुला काय कळतंय, तू अजून पन्नाशीचाही नाहीस.

२० जानेवारी
आतापर्यंत चार घरांच्या माद्या झाल्या. कर्नलची मान थोडी कलते. गारांमुळे.
गावाला काय झालंय कळत नाही. सकाळी उजाडता उजाडता जो तो आपली मादी दोरीला धरून डोंगरामागे निघतो. तिकडे पास्कुआलाच्या घराशिवाय काही नाही. विचारलं तर म्हणतात, तिकडचं गवत गोड आहे. गवत चाखून बघितलं की काय यांनी?

३ फेब्रुवारी
आज परीक्षेचा दिवस. मादीला पुन्हा नरासमोर उभी करायची. गाभण नसेल तर गुडघे मोडून खाली बसते. गाभण असेल तर नराच्या तोंडावर थुंकते. यापेक्षा सोपं मशीन इंजिनियर बाईकडेही नाही.
एलादियोची मादी थुंकली. कर्नलच्या डोळ्यांत हिरवा चोथा. पुढची थुंकली. तिसरीने थुंकून वर लाथही मारली. मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. लोक जमिनीकडे बघत होते. माणूस चुकला की असंच बघतो.
कर्नलचं तोंड धुतलं. त्यालाही अभिमान वाटला असणार.

१७ फेब्रुवारी
जनावरांच्या कानाला रंगीत लोकरीचे गोंडे बांधायचा सण. दरवर्षी एक नर आणि एक मादी नवरा-नवरी म्हणून घोंगडीवर बसवतात, मक्याची दारू पाजतात, कोकाची पानं उधळतात. नवरा अर्थात कर्नल. हे त्याचं अकरावं लग्न. बसला, पण उठेना. चौघांनी उचलला. पास्कुआला म्हणाली, नवरदेव सुखात आहे. तिच्या जिभेला हाड नाही. डोंगराला दारू शिंपडली आणि उरलेली मीच प्याले, नाहीतर तिला काहीतरी बोलले असते.
बारा घरांच्या माद्या थुंकल्यात. बारा. भिंत कमरेपर्यंत आली. बांधणाऱ्यांना काळ्या सुक्या बटाट्यांचं सार घालते. मीठ जास्त झालं म्हणाले. झालं नव्हतं.

२५ फेब्रुवारी
आज माझ्या स्वतःच्या परीक्षेला घेतल्या. सहापैकी दोन. त्या एकट्या कर्नलजवळच असतात, गोड गवतापर्यंत मी त्यांना नेत नाही. पाय दुखतात.
दोघी समोर आल्या आणि बसल्या. सरळ गुडघे मोडून.
थकल्या असतील. वर चढून आल्या होत्या.

८ मार्च
इंजिनियर बाई मोटारसायकलवर आली. पिशवीत कसलंसं यंत्र. कर्नलला तपासते म्हणाली. मी म्हटलं, कर्नल वर चरायला गेलाय. तो तेव्हा घरामागे होता, मी त्याच्यावर घोंगडी टाकली होती. तो खोकला. बाई म्हणाली, कोण आहे? म्हटलं, मीच.
ती म्हणाली, तुमच्या माद्यांची परीक्षा केलीत का? म्हटलं, घाई काय आहे, पंधरा घरं थुंकलीत, माझीही थुंकतील. ती वहीत काहीतरी लिहीत बसली. नंतर म्हणाली, आजी, मार्च गेला की उपयोग नाही. हे मला तिने सांगायचं! एप्रिलमध्ये गाभण राहिली तर पिल्लू पुढच्या एप्रिलच्या गोठत्या दवात पडतं, आमची थंडी तेव्हाच सुरू होते, आणि पहिल्याच सकाळी गोठून जातं. मी अशी सात पुरली आहेत. रडले एकाहीसाठी नाही. लोकर मात्र काढून घेतली.

१५ मार्च
सहाही बसल्या.
कारणं: अमावास्या. नवी भिंत, जनावराला नवी जागा रुचत नाही. माझ्या माद्या लाजऱ्या आहेत, थुंकणं त्यांच्या घराण्यात नाही.
कर्नलही बसला. सातही जण ओळीने बसून माझ्याकडे बघत होते.

१९ मार्च
पुन्हा केलं. पुन्हा बसल्या. गावाच्या थुंकल्या आणि माझ्या बसतात. पेज कर्नलला दुप्पट दिली. मी सुकं मांस चावून दिवस काढला. थकले. आज फार लिहीत नाही.

२२ मार्च
गवत टोकाला पिवळं पडलं. उद्या त्या तपकिरीकडे एकदा जाऊन येणार. फक्त ताडून बघायला. माझ्या माद्या त्याच्यासमोर थुंकल्या की प्रश्न मिटला, मग गाभण आहेत आणि कर्नलशी लाडाने बसत होत्या एवढंच. पास्कुआलाला सांगेन, मीठ मागायला आले. सहा माद्या घेऊन मीठ मागायला कोणी जात नाही, पण तिला एवढं सुचणार नाही.

२३ मार्च, सकाळ
डोंगर ओलांडायला दीड तास. वाटेत तीनदा बसले.
पास्कुआलाच्या आवाराबाहेर रांग. एलादियो सर्वांत पुढे, त्याची दुसरी मादी घेऊन. त्यामागे सहा-सात घरं, प्रत्येकाच्या हातात दोरी. आत तपकिरी नर कामात. गोड गवत कुठेही नव्हतं. नुसते दगड.
मला बघून कोणी हललं नाही. कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी दोन शिव्या दिल्या असत्या.

पास्कुआला दारातून म्हणाली, "ये वहिनी. बस. पाणी घे."
म्हटलं, जानेवारीपासून?
म्हणाली, "जानेवारीपासून. तुझ्याकडून निघाल्या की दुसऱ्या दिवशी इकडे. रंगीत पिल्लू चालेल गं, पण पिल्लू तर हवं."
म्हटलं, मला का नाही सांगितलं?
म्हणाली, "चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तुला कोणी सांगायचं म्हणून. माझं नाव आलं. मी आजारी पडले."
मग एलादियोकडे वळले. म्हटलं, आणि भिंत? फुकट कशाला बांधलीस?
तो दोरीशी चाळा करत म्हणाला, "भिंत तर पडलेलीच होती, आजी."
मग तो बाजूला झाला. मागचेही झाले. माझ्या माद्यांना पुढे जाऊ दिलं. चाळीस वर्षं मी या गावात कोणाला पुढे जाऊ दिलेलं नाही.

माझी पहिली मादी तपकिरीसमोर गेली आणि बसली. थुंकली नाही. म्हणजे गाभण नव्हतीच. दुसरीही बसली. त्या दोघींचं काम त्याने केलं. तिसरीजवळ गेला, तिला हुंगलं आणि पाय पसरून आडवा झाला. दोन महिने पंधरा घरांचं केलंय त्याने. पास्कुआलाने शेपटी ओढली, ओरडून बघितलं. हलेना. म्हणाली, चार-पाच दिवसांनी ये. मागच्यांचीही आजची फेरी गेली. दोऱ्या धरून सगळे परत फिरले.

२३ मार्च, दुपार
घरी. दोन लागल्या तर दोन पिल्लं, तपकिरी. चार रिकाम्या. चार-पाच दिवसांनी परत चढण चढायची, तोवर दव पडायला लागेल. कर्नल उन्हात झोपलाय. पेज करायची राहिली. करते.

२८ मार्च
चढले. तपकिरी अजून आडवाच. परत आले. चार तशाच.

३० मार्च
एलादियो येऊन गेला. रविवारी गावसभा आहे. तलावापलीकडच्या नराचा विषय पुन्हा निघणार, पुढच्या जानेवारीसाठी. तुम्ही नेहमीसारख्या पुढच्या बाकावर बसा, म्हणाला, तुमच्याशिवाय ठराव होत नाही.
म्हटलं, मागे बसेन. पुढचा बाक लाकडी आहे, कंबर धरते.
मागचाही लाकडीच आहे.