बाईंच्या तक्त्यातले तीन रविवार

मिल्टन कीन्स, ७ मे २००६

प्रिय कस्तुरी,

फाडू नकोस, आधी वाच. ईमेल केली असती तर तू न उघडताच पुसली असतीस, माहितेय मला.

काल टीव्हीवर बाई दिसल्या. एडिनबराच्या लॅबमध्ये चिखलाच्या गमबुटात फिरणाऱ्या, आपल्या दुधाच्या चहाला नाक मुरडणाऱ्या डॉ. उर्सुला आमान आता स्वित्झर्लंडच्या खासदार! मागे फायली घेऊन तू. केस कापलेस?

बाई म्हणजे सिग्नलमनची मुलगी, वीस वर्षं नद्यांचं पाणी तपासलं आणि एका संशोधन-पेपरच्या जोरावर निवडून आली, असं तो निवेदक सांगत होता. तो पेपर आपला. कारखाना रविवारी बंद असला तरी पाण्यातलं विष उतरत नाही, म्हणजे ते गाळात मुरलंय. त्यावरच आता त्यांचा कायदा, आणि दोन आठवड्यांनी अख्ख्या देशाचं मतदान.

कस्तुरी, रविवारची पाळी माझी होती. तू ग्लासगोच्या मराठी शाळेत शिकवायला जायचीस तेव्हा मी तुला गाडीतून सोडायचो ना? पहाटेच नदीवर जाऊन आलो, असं सांगायचो. तीन रविवार गेलोच नाही. तुझ्याबरोबरचा तो दीड तास मला सोडवत नव्हता. शनिवारचेच आकडे जरा इकडेतिकडे करून रविवारच्या रकान्यात भरले.

मग बाई म्हणाल्या, रविवारचं पुन्हा मोजू, मीही येते. मी भडकलो. विश्वास नाही का, म्हणून ओरडलो, दार आपटलं, कॉलेजच सोडलं. तुम्ही सगळे त्याला माझा तापटपणा समजलात. मी घाबरलो होतो. आठवड्याने बाई स्वतः माझ्या खोलीवर आल्या. “मी चुकले, अर्णव. तुझे आकडे मीच मोजलेत असं धरते.” तेव्हाही तोंड उघडलं नाही.

आता विरोधकांनी लॅबची वही मागवलीय. इथे गोदामात फोन वाजला तरी हातातला खोका सुटतो.

काल मी बाईंना सगळं लिहून पाठवलं. त्यांचं टपाल तू उघडतेस, म्हणून हे वेगळं पत्र तुझ्या घरी. पेपरवर तुझंही नाव आहे, मतदान जवळ आलंय, आणि ते पाकीट दोन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवणं किती सोपं आहे, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? ठेवू नकोस. त्यांच्या हातात दे, आणि त्या वाचेपर्यंत तिथेच उभी राहा. मला ते कधीच जमलं नाही.

तू नको म्हणालीस तरी तुझाच,
अर्णव